शाखाधिकाऱ्यांना घोड्यांसोबतच्या प्रशिक्षणाला न्यावं का?

तासगावकर_ताई

नमस्कार. मी तासगावच्या एका पतसंस्थेत प्रशिक्षणाचं काम बघते. दिवाळीनंतर शाखाधिकाऱ्यांचं एक दिवसाचं शिबिर असतं. एरवी हॉल, प्रोजेक्टर, व्याख्यान, जेवण आणि घरी. यंदा पाचगणीजवळच्या एका ठिकाणाहून प्रस्ताव आलाय, घोड्यांच्या सहवासातून नेतृत्वविकास. घोड्यावर बसायचं नाही, जमिनीवर उभं राहूनच सगळं करायचं, असं ते म्हणतात. पत्रकात लिहिलंय की घोड्याच्या हृदयाचं चुंबकीय क्षेत्र माणसाच्या कितीतरी पट मोठं असतं आणि त्यामुळे त्याच्याजवळ उभं राहिलं तरी मन शुद्ध होतं. अध्यक्षसाहेबांना ते आवडलंय. मला शंका आहे, पण नुसत्या शंकेवर नाही म्हणायचं नाहीये.

यात खरं किती? आगाऊ रक्कम देण्याआधी काय विचारावं? आणि एक नाजूक गोष्ट. आमच्या एका अधिकाऱ्यांवर नैराश्याचे उपचार चालू आहेत. घोड्यांजवळ त्यांना बरं वाटेल, असं त्यांच्या घरच्यांना वाटतंय. त्यांना न्यावं का?

कृष्णाकाठ

माझं मत, नको. शाखाधिकाऱ्याला ठेवीदाराशी बोलावं लागतं, कर्जदाराच्या दारात जावं लागतं. ते घोड्याकडून कसं शिकणार? शिवाय आपल्याकडची बरीच माणसं घोडा लांबूनच बघतात, वारीच्या रिंगणात नाहीतर शर्यतीत. एवढ्या माणसांत जनावर बावचळलं तर जबाबदार कोण?

अपशिंगेकर

ताई, मी अपशिंग्याचा. नोकरी लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये झाली. मेरठच्या सेंटरला घोड्याचं काम शिकलो आणि पुढची सगळी वर्षं घोडी आणि खेचरं यांच्यातच गेली. आता कोरेगावच्या बाजूला मळ्यात तीन घोड्या आहेत. पुण्याच्या एक प्रशिक्षक बाई माणसांचे गट घेऊन येतात. माणसांचं त्या बघतात, घोड्यांचं मी.

आधी पत्रकाचं. हृदयाचं क्षेत्र, मन शुद्ध होणं, हे बाजूला ठेवा. घोडा माणसाचं शरीर वाचतो, आणि फार बारीक वाचतो. बर्लिनला हान्स नावाचा घोडा होता. गणित घातलं की खूर आपटून उत्तर द्यायचा, बघायला गर्दी लोटायची. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने कसून तपासलं आणि १९०७ मध्ये निष्कर्ष मांडला. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं, किंवा घोड्याला तो माणूस दिसत नसला, की हान्स चुकायचा. बरोबर आकड्याला विचारणाऱ्याचं डोकं नकळत जरासं हलायचं आणि तिथे घोडा थांबायचा. लोक म्हणतात त्याची लबाडी उघडी पडली. मला वाटतं त्याच्याइतकं नीट माणसाकडे बघणारं त्या गर्दीत दुसरं कोणी नव्हतं. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये घोड्यांना माणसांचे रागावलेले आणि हसरे चेहरे फोटोत दाखवले. रागावलेल्या चेहऱ्याकडे घोडे डाव्या डोळ्याने जास्त बघायचे आणि त्यांचे ठोके लवकर वाढायचे.

कारण सरळ आहे. हे शिकार होणारं जनावर. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे कपाळासमोरची थोडी जागा आणि थेट शेपटीमागची जागा सोडली तर चहूकडचं दिसतं. कळपात एकाने मान ताठ केली की बाकीच्यांना त्याच क्षणी कळायला हवं, तरच जीव वाचतो. तुमचा शाखाधिकारी आत येतो तेव्हा घोडी त्याचा हुद्दा बघत नाही. खांदे कुठे वळलेत, श्वास कोंडलाय का, पाऊल कुठे पडतंय, तेवढंच बघते.

मागे एका गावच्या सरपंच बाई आल्या होत्या. काम एवढंच, की घोडीला दोर न लावता कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सोबत न्यायचं. बाई घोडीच्या समोर उभ्या राहिल्या, तिच्या डोळ्यांत बघत, "चल, चल" म्हणत. घोडी ढिम्म. कशी हलेल? समोर उभं राहून रोखून बघणं म्हणजे घोड्याच्या भाषेत वाट अडवणं. बराच वेळ गेला. मग त्यांनी श्वास सोडला, घोडीकडे बघायचं थांबवलं, खांद्याजवळ आल्या आणि जिथे जायचं तिकडे तोंड करून चालायला लागल्या. घोडी निघाली. प्रशिक्षक बाईंनी फक्त विचारलं, आत्ता काय बदललं? सरपंच बाई म्हणाल्या, ग्रामसभेत मी कायम लोकांच्या तोंडाकडे बघत अडून बसते, त्यांनी हो म्हणावं म्हणून. हा अर्थ त्यांचा त्यांनी लावला. घोडीने तो सांगितला नाही आणि आम्हीही नाही.

चांगला आणि वाईट कार्यक्रम इथे वेगळा होतो. कराडहून आलेल्या एका गृहस्थांच्या मागे घोडी सारखी फिरायला लागली. बाकीचे म्हणाले, यांच्यावर तिचा विश्वास बसला. मी जाऊन बघितलं तर त्यांच्या खिशात गुळाचा खडा. मी तिथेच सगळ्यांना सांगितलं. घोडीची प्रत्येक हालचाल म्हणजे तुमच्या आयुष्यावरचं भाष्य, असं सांगणारा प्रशिक्षक दिसला की सावध व्हा. तिने जीभ फिरवली, तोंड चघळलं, तर ताण उतरत असेल. शेपटी मारली तर माशी असेल.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. घोड्याला निघून जायची मोकळीक हवी. दावणीला बांधलेला, तोंडात लगाम ताणलेला घोडा तुमच्याजवळ उभा राहिला तर त्यातून काही कळत नाही, त्याला दुसरी वाट कुठे आहे? म्हणूनच पाचगणीच्या टेबल लँड पठारावर दिवसभर पर्यटक फिरवणारा घोडा संध्याकाळी या कामाला आणू नये. त्या घोडेवाल्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. पण दिवसभर अनोळखी माणसांच्या टाचा खाल्लेला घोडा मन मारून उभा राहायला शिकतो. लोकांना वाटतं किती शांत जनावर.

कृष्णाकाठ, वसुली घोडा शिकवणार नाही, बरोबर. पण आपण बोलायच्या आधी आपलं शरीर काय बोलून बसलंय, हे शाखाधिकाऱ्याला कोण सांगणार? हाताखालची माणसं सांगत नाहीत.

फिजिओ_मिरज

अपशिंगेकर काकांशी सहमत. थोडी भर.

उपचारासाठी घोडा वापरणं ही निराळी गोष्ट आहे. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना घोड्यावर बसवतात कारण घोड्याच्या चालीने मुलाच्या कमरेला जी हालचाल मिळते ती माणसाच्या चालण्याशी जुळते. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना पोलिओने गुडघ्याखाली अधू केलं होतं, तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं. त्यानंतर या उपचारांना जोर आला. पण ते प्रशिक्षित थेरपिस्टने, तपासणी करून करायचं काम आहे. डाउन सिंड्रोमच्या मुलाला मानेचे सांधे तपासल्याशिवाय बसवत नाहीत.

तुमच्या अधिकाऱ्यांबद्दल: शिबिर हा उपचार नाही. त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारा, आणि त्यांना स्वतःला यायचं आहे का हेही विचारा. घरच्यांच्या इच्छेवर नेऊ नका. गोळ्या परस्पर थांबवू नयेत, हे नक्की सांगा. सहकाऱ्यांसमोर "तुला काय वाटलं, मोकळं बोल" असा आग्रह झाला तर त्यांना त्रासच होईल.

तासगावकर_ताई

दोघांचेही आभार. डॉक्टरांचा विषय त्या अधिकाऱ्यांशी एकांतात बोलते, घरच्यांशी नंतर. काका, मी शनिवारी ती जागा बघायला जातेय. तिथे काय बघू? घोड्यातलं मला काही कळत नाही.

अपशिंगेकर

आधी न सांगता तबेल्याकडे जा, ऑफिसात नंतर. पाणी स्वच्छ आहे का, लीद रोज उचलतात का, घोड्याच्या पाठीवर आणि लगामाच्या जागी जखमा आहेत का, हे कोणालाही दिसतं. काटेरी लगाम दिसला तर तिथूनच परत फिरा, त्याला ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांचा छळ रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनीच बंदी आहे. नालबंद कधी येतो आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी दिलं ते विचारा. रोज खरारा करणारा माणूस हे पटकन सांगतो, नुसता मालक असेल तर फोन लावतो.

एकच घोडा पाळलेला असेल तर मला ते ठिकाण पटणार नाही. हे कळपातलं जनावर आहे. कृष्णाकाठांनी रिंगणाचं काढलं म्हणून सांगतो. आमच्या जिल्ह्यात चांदोबाच्या लिंबाला माउलींचं उभं रिंगण होतं, तिथे टाळ-मृदंगाच्या गजरात, एवढ्या वारकऱ्यांच्या मधून स्वार नसलेला माउलींचा अश्व धावतो. मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी अंगावर काटा येतो. पण स्वाराचा घोडा त्याच्या सोबत असतो आणि दोघांनाही गर्दीची सवय असते. तुमच्या घोड्याला तशी सवय आहे का, एका वेळी किती माणसं आत सोडतात, हे विचाराच. आमच्याकडे एका वेळी एकच माणूस आत, बाकीचे कुंपणाबाहेर, आणि घोडीवर नजर ठेवायला मी. माणसांचा प्रशिक्षक आणि घोड्यांचा माणूस वेगवेगळे हवेत. बोलण्यात गुंतलेल्या माणसाला घोड्याचे कान मागे गेलेले दिसत नाहीत.

घोडा कधी दमलाय म्हणून कार्यक्रम थांबवला होता का, हेही विचारा. "असं कधी होत नाही" म्हणाले तर पैसे देऊ नका.

जायचं ठरलं तर सगळ्यांना बूट घालून यायला सांगा. साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर आहे, चुकून पायावर पाय दिला तरी बोटं मोडतात. खिशात खायचं काही नको. घोड्याच्या थेट मागून कोणी जायचं नाही, जायचंच तर चांगलं लांबून. आणि कोणाला आत जायचं नसेल तर त्याला बाहेर बसू द्या, बाहेरून बघणाऱ्यालाही बरंच दिसतं. शनिवारी बघून आलात की इथे लिहा, काय दिसलं त्यावरून पुढचं सांगतो.