मदत हवी आहे: ब्लॅक मेटलचा लोगो देवनागरीत कसा बसवायचा?

भाच्याच्या बँडसाठी लोगो काढतोय. ब्लॅक मेटल, म्हणजे हेवी मेटल संगीताचा एक उग्र प्रकार; त्याच्या लोगोत अक्षरांना काटे न् मुळं फुटलेली, डावी-उजवी बाजू आरशात पाहिल्यासारखी. नॉर्वेच्या बँडांनी १९९० च्या दशकात रुळवलेली ही धाटणी. बेल्जियमच्या क्रिस्टोफ श्पायदेलने काढलेला 'एम्परर' बँडचा लोगो समोर ठेवलाय.

माझं घोडं शिरोरेषेपाशी अडलंय. ती ठेवली की पाटी रंगवल्यासारखं दिसतं, काढली की 'भ' आणि 'म' जुळे भाऊ. त्यात वेलांटी एकाच बाजूला कलते, मग दोन्ही बाजू सारख्या कशा करायच्या? पोरं उलट म्हणतात, "मामा, वाचता आलं तर फसलं!" (निदान आम्हाला तरी कळावं की!)

कुणी देवनागरीत असं केलंय का? आधी कागदावर शाईने काढावं की थेट संगणकावर व्हेक्टरमध्ये (कितीही मोठं केलं तरी न फाटणारं रेषाचित्र)?