बायपासनंतरची पहिली रात्र: सलाईन की रिंगर लॅक्टेट? मदत हवी आहे

रात्रपाळी_निवासी:
बायपास होऊन सहा तास झालेल्या रुग्णाचा रक्तदाब सारखा उतरत आहे. अर्धा लिटर नॉर्मल सलाईन दिल्यावर तो थोडा वेळ चढला आणि पुन्हा खाली आला. आता सलाईनच चालू ठेवावे की रिंगर लॅक्टेट लावावे, एवढेच कृपया लवकर सांगा.

जुना_भूलतज्ज्ञ:
रिंगर लावा. सलाईनमध्ये लिटरमागे १५४ मिलिमोल क्लोराइड असते, रिंगरमध्ये सुमारे १०९. सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या गेल्या की रक्तातील आम्लता वाढते आणि ती रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे आहे की आपल्याच बाटलीमुळे, हे कळेनासे होते. मात्र लघवी, सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतील दाब) आणि ड्रेन (छातीत साठणारे रक्त बाहेर काढणारी नळी) यांचे आकडे तुम्ही दिलेलेच नाहीत.

हृदयभूल:
मी अशा वेळी अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातील प्रथिनाचे द्रावण, देतो. कमी मात्रेत काम होते.

जुना_भूलतज्ज्ञ:
२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील चाचणीत, सुमारे १,४०० हृदयरुग्णांमध्ये, रिंगर ॲसिटेटच्या (रिंगर लॅक्टेटसारखेच द्रावण) तुलनेत अल्ब्युमिनने मोठ्या गुंतागुंती कमी झाल्या नाहीत आणि रक्तस्राव उलट अधिक आढळला.

हृदयभूल:
त्या चाचणीत हार्ट-लंग मशीनच्या प्राइमिंगलाही, म्हणजे मशीनच्या नळ्या आधी द्रवाने भरायलाही, अल्ब्युमिनच वापरले होते. मी फक्त शस्त्रक्रियेनंतरच्या मात्रेबद्दल बोलत आहे.

आयसीयू_सिस्टर:
रक्त चढवावे लागले तर ते रिंगरच्या लाइनमधून देऊ नका. रिंगरमधील कॅल्शियममुळे नळीत गुठळ्या होऊ शकतात.

रात्रपाळी_निवासी:
रक्ताचा प्रश्न अजून आलेला नाही. लघवी तासाला २० मिली आहे, सीव्हीपी ८ वरून १७ वर गेला आहे. ड्रेनची काळजी नाही. आधी तासाला शंभरेक मिली येत होते, गेल्या दोन तासांत काहीच आलेले नाही.

जुना_भूलतज्ज्ञ:
डॉक्टर, काळजी त्याचीच आहे. चांगला वाहणारा ड्रेन एकाएकी कोरडा पडतो, सीव्हीपी चढतो आणि दाब उतरतो, तेव्हा नळी तुंबून हृदयाभोवती रक्त साठले आहे, म्हणजे टॅम्पोनेड आहे, असेच आधी धरावे. त्यात द्रव दिल्याने दाब थोडा वेळ सावरतो, म्हणून मघाशी तुम्हाला फरक दिसला. रिंगर चालू ठेवा, पण सर्जनना आत्ताच फोन करा आणि इको मागवा. इकोमध्ये काही दिसले नाही तरी थांबू नका, कारण हृदयामागची गुठळी छातीवरून केलेल्या इकोत निसटू शकते.

हृदयभूल:
सहमत आहे. अल्ब्युमिनचे नंतर बोलू.

रात्रपाळी_निवासी:
फोन केला, सर निघाले आहेत, थिएटरलाही कळवले आहे. नळी दिव्यासमोर धरली, तर छातीजवळच्या भागात काळपट गुठळी अडकलेली दिसते.