भाजलेलं चीज टार्ट: कुणाचं आवडलं, घरी कसं जमलं?

आर्वी

नागपूर-अमरावतीत डेझर्टची नवी दुकानं निघाली, पुण्या-मुंबईहून येताना पोरं डबे आणू लागली, आणि आता आमच्या तालुक्यात वाढदिवसालाही केकसोबत बेक्ड चीज टार्ट, म्हणजे मैद्याच्या कडक पारीत चीजचं सारण भरून भाजलेली वाटी, मागतात. "कुठलं चांगलं?" हा प्रश्न भाचेमंडळी सतत विचारतात, म्हणून हा धागा. ज्यानं जिथं खाल्लं, जसं केलं, तसं मोकळेपणानं लिहा. नुसतं "छान होतं" नको. पारी कशी होती, आत काय लागलं, गरम खाल्लं की गार, हे लिहा.

माझं मत आधीच सांगते. सारण बहुतेक सगळेच बरं करतात, दुकानादुकानांतला फरक पारीत कळतो. हा पदार्थ गाजला तो जपानच्या होक्काइदो बेटावरून. तो मुलूखच दूधदुभत्याचा. साप्पोरोत किनोतोया ही 1983 पासूनची बेकरी. तिच्यातूनच पुढं 2014 साली टोकियोच्या शिंजुकूत 'बेक' नावाचं दुकान निघालं, आणि तिथं विकायला हा एकच पदार्थ. तीन प्रकारचं क्रीम चीज एकत्र करतात आणि पारी दोनदा भाजतात, आधी रिकामी, मग सारण भरून. दुसरी भाजणी थोडाच वेळ, पण कडक आचेवर. त्यामुळे वर रंग चढतो आणि आत सैल राहतं. पहिली भाजणी ज्यानं टाळली त्याचं टार्ट खालून कच्चं निघणारच.

मोर्शी, सध्या सिंगापूर

ताई, पारीचं म्हणणं शंभर टक्के पटलं. इकडं मी तीन नावांची खाल्ली. 'बेक'चं लहान, तीन-चार घासांत संपणारं. पारी कडक, सारण गोडापेक्षा खारटाकडं झुकलेलं. 'पाब्लो' हे ओसाकाचं, 2011 पासूनचं. त्याचं मूळ टार्ट मोठं, चौघांत कापून खायचं, वर जर्दाळूच्या जॅमची चकाकी. आत किती सैल हवं तेही निवडता येतं, रेअर की मीडियम. रेअर घेतलं तर सुरी लावताच सारण ताटलीत पसरतं. तिसरं 'होक्काइदो बेक्ड चीज टार्ट'. नाव जपानी असलं तरी कंपनी मलेशियाची. ते गोडीला वरचढ, आणि आई इकडं आली होती तेव्हा तिला तेच आवडलं.

माझी पसंती 'बेक'ला. त्यातही रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी टोस्टरमध्ये दोन मिनिटं तापवलेलं. पारी पुन्हा कडक होते आणि मधलं गार राहतं. दुकानात उभ्यानं खाल्लेल्यापेक्षा मला हेच सरस वाटतं.

दारव्हा

आमच्या बुढ्याले पोरीनं पुण्याहून आणून देल्लं. त्यायनं वरचं वरचं चाखलं अन् म्हने, "हे तं खरवसच होय वं, जरासं खारं." मंग सगळं खाल्लं. पोट्ट्यायनं कडा खाल्ल्या, बुढ्यानं मधलं. आमच्या घरी भांडन झालं नाही बाप्पा, सगळ्यायले वाटनी बरोबर भेटली.

परतवाडा, घरगुती बेकरी

मी ऑर्डरवर करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

क्रीम चीज इथं मिळत नाही, अमरावतीहून मागवावं लागतं आणि उन्हाळ्यात एसटीनं येईपर्यंत त्याचं पाणी सुटतं. पनीर वाटून घालायचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो देऊ नका. पनीर तापलेल्या दुधात आंबट घालून फाडलेलं असतं, त्यातलं प्रथिन घट्ट आवळतं. कितीही वाटलं तरी जिभेवर रवाळ लागतं. क्रीम चीज विरजून केलेलं असतं आणि त्यात जवळपास तिसरा हिस्सा स्निग्धांश. आपल्याकडं त्याच्या सगळ्यात जवळचा म्हणजे म्हशीच्या साय न काढलेल्या दुधाच्या दह्याचा चक्का. तो रात्रभर टांगायचा, वर वजन ठेवायचं, मग त्यात लोणी आणि ताजी साय फेटायची. आंबटपणा कमी करायला मी मेळघाटचा ताजा खवा अगदी थोडा घालते. जास्त झाला की चीजची चव मरते आणि पेढा लागतो. चिमूटभर मीठ हवंच.

सारण घट्ट धरतं ते अंड्याच्या पिवळ्या बलकानं. बिनअंड्याचं करायचं तर कॉर्नफ्लोअर घालून मंद आचेवर शिजवून घ्यावं. भाजलेल्या पारीत सारण भरलं की फ्रीझरमध्ये कडक होऊ द्यायचं आणि तसंच ओव्हनमध्ये सरकवायचं. मी 220 अंशांवर सात-आठ मिनिटं ठेवते. वरचा थर रंगेपर्यंत मधलं जेमतेम सैल होतं, सगळी गंमत यातच आहे.

इथली खरी अडचण विजेची. संध्याकाळी होल्टेज पडलं की ओव्हनची बटणं 220 दाखवतात पण आत तेवढी धग नसते. टार्ट रंगत नाही, मग जास्त वेळ ठेवावं लागतं आणि आतलं दगड होतं. ओव्हनचा थर्मामीटर घ्या, जाळीवर टांगा आणि त्यावर विश्वास ठेवा. माझ्या ऑर्डरी मी पहाटे भाजते.

अंजनगाव

अमरावतीतल्या एका दुकानातून मुलीच्या निकालाच्या दिवशी सहाचा डबा घेतला. काचेत झकास दिसत होते. घरी उघडले तर पारी ओली, बोटानं दाबली की खचायची. मे महिना, पंचेचाळीसचं ऊन, हे मान्य. पण आम्ही बर्फाच्या डब्यातून आणले होते. ते आदल्या दिवशीचेच असणार. विचारल्यावर "ताजे आहेत" एवढंच उत्तर. एवढे पैसे घेता तर भाजल्याची वेळ डब्यावर लिहा, ही माझी साधी मागणी आहे आणि मी ती तिथं बोलूनही आलो.

परतवाडा

दादा, बरोबर बोललात. सारणातलं पाणी पारीत उतरतं, काचेच्या थंड कपाटात रात्र काढली की हटकून. पहिल्या भाजणीनंतर पारीला आतून बलकाचा हात फिरवून मिनिटभर परत भाजली, किंवा पांढऱ्या चॉकलेटचा पातळ थर दिला, तर ती बराच वेळ टिकते. घेताना डबा तळाकडून बघा. तळाला तुपकट डाग असेल तर चालेल, ओला डाग असेल तर घेऊ नका.

वरूड

जर्दाळूच्या जॅमवरून सुचलं. आमच्याकडं मृगाच्या बहाराचा संत्रा होता, त्याचा रस साखर घालून आटवला आणि भाजलेल्या टार्टवर ब्रशनं लावला. बायकोनं सालीचा नुसता केशरी भाग किसून टाकला. पांढरा भाग त्यात गेला तर कडू होतं. खारट सारण आणि वर आंबटगोड संत्रा, ही जोडी मला कुठल्याही दुकानात मिळाली नाही. संत्रापट्ट्यातल्या बेकरीवाल्यांनी हे करून विकावं, मनापासून सांगतो.

वर्धा

गोरस भांडारचा गोरसपाक, म्हणजे तुपातलं बिस्किट, हातानं चुरला, त्याच्याच तुपावर वाटीत थापला, दहा मिनिटं भाजला. वेगळं लोणी लागलं नाही. गोड जास्त होतं म्हणून सारणात साखर निम्मी केली. ज्यांना मैद्याची पारी लाटणं जमत नाही त्यांनी हे करून बघावं. कापताना कडा भुरभुरतात, चमच्यानं खा.

पांढरकवडा

चव आवडली, किंमत नाही. एका टार्टच्या पैशात घरी लिटरभर दुधाचा चक्का होतो.

मेहकर

ओव्हन नाही. कढईत मीठ तापवून केक करतो तसं जमेल का?

परतवाडा

पारी जमेल, वरचा रंग येणार नाही, कारण धग खालूनच. पण तुमच्याकडं रोडगे भाजायला गोवऱ्यांचा आर करतच असाल ना? जाड झाकण ठेवा आणि त्यावर निखारे पसरा. टार्ट फ्रीझरमधून थेट आत, खालची आच मंद.

मेहकर

काकू, काल केलं. निखारे मधोमध जास्त पडले म्हणून तिथं काळे ठिपके आले, कडेला फिकट राहिलं. आतलं मात्र चमच्याला चिकटेल इतपत सैल, आणि पारी कडक. पुढच्या वेळी निखारे कडेनं लावतो. बिनअंड्याच्या सारणाला कॉर्नफ्लोअर किती घेता तेवढं सांगा.

परतवाडा

पाव किलो चक्क्याला सपाट दोन चमचे.