सावारच्या स्मृतिसौधाचं मॉडेल: सात भिंती कशा बसवायच्या?

दांडियाबाजारकर
१६ डिसेंबरला मंडळाच्या हॉलमध्ये विजय दिवसाचं प्रदर्शन आहे. मुलांकडून ढाक्याजवळच्या सावार इथल्या, बांगलादेशच्या राष्ट्रीय स्मृतिसौधाचं मॉडेल करून घ्यायचंय. टेबल ४ × ३ फूट. थर्मोकोलचे लहान-मोठे सात त्रिकोण एकामागे एक लावले की झालं ना?

ओळंबा
नाही, मॉडेल तिथेच फसतं. वास्तुरचनाकार सैयद मैनुल हुसेन यांच्या रचनेत त्रिकोणाचं प्रमाणच बदलत जातं. सर्वांत बाहेरची भिंत उंचीला सर्वांत कमी, पण पसरट. आत जावं तशी रुंदी आटते, उंची वाढते आणि टोक १५० फुटांवर पोचतं. प्रत्येक त्रिकोण मध्यावर दुमडलेला, म्हणून सात जोड्या. समोरून एकच सुळका वाटतो. बाजूला सरकलं की थर सुटे होतात. ही खरी कमाल आहे, ती मॉडेलमध्ये दिसलीच पाहिजे.

१:१०० धरलं तर उंची ४६ सेंमी. ५ मिमीचा कागदी अस्तराचा फोम बोर्ड घ्या, ४ × २ फूट पुरे. मॉडेलपुरती मापं, पाया × उंची, सेंमीत: ६०×१२, ५२×१६, ४४×२१, ३७×२६, ३०×३२, २३×३८, १६×४६. मधल्या रेषेवर कटर अर्धाच चालवा, मागचा कागद शाबूत ठेवा, तोच बिजागरी होतो. सातही दुमडींचा कोन एकच हवा. पुठ्ठ्याचा साचा करून प्रत्येक भिंत त्यावर ताडून बघा. कोन हलला की भिंती एकमेकींत अडकतात. आतली उंच भिंत डुलते, तिच्या कोपऱ्यात तळाशी त्रिकोणी ठोकळा चिकटवा.

कारेलीबाग
चिकटवायला पांढरा फेव्हिकॉलच. सॉल्व्हंटचा गम आणि स्प्रे पेंट, दोन्ही आतला फोम खातात. कापलेल्या कडा आधी विरघळतात. पोस्टर कलर वापरा. स्तंभ काँक्रीटचा, तेव्हा राखाडी; फरसबंदी मात्र लाल विटांची. पांढरा रंग दिलात तर हा फरकच जाईल.

दांडियाबाजारकर
आभार. सगळा परिसर दाखवता येईल का? आणि आमच्याकडच्या फोटोत मागे लाल गोल आहे, तोही करायचा?

ओळंबा
लाल गोल असेल तर तो ढाक्यातला शहीद मिनार, भाषा आंदोलनाचा. फोटो बदला. परिसर ८४ एकरांचा, या स्केलला सुमारे सहा मीटर बाजूची जागा लागेल. स्तंभ आणि पुढचं तळं एवढंच घ्या. तळ्याला काळ्या कागदावर अॅक्रिलिक शीट, म्हणजे प्रतिबिंब पडतं. १९५२, ५४, ५६, ६२, ६६, ६९, ७१ हे सात भिंतींनी दाखवलेले स्वातंत्र्यलढ्याचे सात टप्पे भिंतींवर चिकटवू नका, बाजूच्या फलकावर मराठी-गुजरातीत लिहा.