हॅलोविनच्या संध्याकाळी वस्तीतले रस्ते गाड्यांना बंद करावेत का?

एडिसनकर:
न्यू जर्सीत 31 ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनला, सूर्य सहाच्या आसपास मावळतो. पोरं भुताखेतांची सोंगं घेऊन, हातात पिशव्या धरून दारोदार चॉकलेट मागायला निघतात तेव्हाच, आणि ऑफिसवाले गाड्या दामटत घरी येतात तेही तेव्हाच. 'जामा पीडियाट्रिक्स' या बालरोगांवरच्या वैद्यकीय नियतकालिकात 1975 ते 2016 या 42 वर्षांचा अभ्यास आला होता. आठवडाभर आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींच्या तुलनेत हॅलोविनला पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका 43 टक्के जास्त. चार ते आठ वर्षांच्या मुलांचा तर दहापट! 5 ते 8 या वेळात गल्ल्या बंद करा. ब्लॉक पार्टीसाठी, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांच्या एकत्र पार्टीसाठी, होतातच की.

टेक्सासचा_तात्या:
टक्के सांगितलेत, आकडा गिळलात. त्याच अभ्यासात अख्ख्या देशात दर हॅलोविनला सरासरी चार मृत्यू जास्त, असंही आहे. 2022 साली अमेरिकेत साडेसात हजारांवर पादचारी गेले, म्हणजे रोज वीस. एका संध्याकाळी बॅरिकेड लावून बाकी 364 दिवस काय करायचं?
आणि मुलांना काळे झगे घालून, मुखवट्याने डोळे झाकून अंधारात सोडायचं आणि दोष गाडीवाल्याला! पाठीवर चमकपट्टी चिकटवायला किती वेळ लागतो?

एडिसनकर:
@तात्या, चार जास्त म्हणजे चार घरं. सहा वर्षांच्या पोराने कपडे बघून रस्ता ओलांडायचा आणि लायसन्सवाल्याने फोन बघत गाडी चालवायची, असं आहे का?

दोन_पिल्लांची_आई:
तुम्ही दोघंही पालकांना सोडून देताय. आमच्याकडे खरा वैताग त्या मिनीव्हॅनचा. पोरांना चालायला लावायचं नाही, म्हणून आईबाप घरोघर गाडी पुढे सरकवत राहतात. आधीच दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, त्यात ही मध्येच उभी. दार रस्त्याच्या बाजूला उघडतं, पोरं गाडीपुढून पळत सुटतात. मागून येणाऱ्याला ती दिसणार कशी? ड्राइव्हवेतून रिव्हर्स घेणाऱ्याचंही तेच. गल्ली बंद झाली तर निदान हा प्रकार थांबेल. मुखवट्याने डोळे झाकतात, हे मात्र तात्यांचं मान्य; त्याऐवजी चेहरा रंगवा.

शनिवारवाला:
त्यापेक्षा हॅलोविन ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी न्या. 2018 साली तशी सह्यांची मोहीम झाली होती. उजेडात फिरता येईल.

टेक्सासचा_तात्या:
शनिवारी? म्हणजे मोठ्यांच्या पार्ट्या दुपारपासून. पिऊन गाडी चालवणारे वाढवायचेत का?

रात्रपाळी:
मी नर्स आहे, साडेसहाला घरातून निघते. गल्ली बंद झाली तर गाडी दुपारीच मोठ्या रस्त्यावर नेऊन ठेवू का?

एडिसनकर:
रहिवाशांना सोडायचं, माणसाच्या चालीने.

रात्रपाळी:
चालेल. पण रहिवासी कोण आणि पिझ्झावाला कोण, हे बघायला बॅरिकेडपाशी तीन तास उभं कोण राहणार? आमच्या गल्लीत दिवाळीच्या फराळाची भांडी आवरायलाही चार माणसं मिळत नाहीत.

दोन_पिल्लांची_आई:
आठवी-नववीची मुलं दारोदार फिरण्यातून बाद झालेली असतात, पण चॉकलेट हवंच असतं. चमकपट्टीची जॅकेटं घाला आणि त्यांना उभं करा, सोबत एक मोठा माणूस.

टेक्सासचा_तात्या:
म्हणजे गाड्यांसमोर आता तुमचीच पोरं. छान.