ग्रह, पारख, अढी: माणसाबद्दलचं मत 'होतं' की आपण 'करतो'?

चोपडेकर
दिवाळीनंतर आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत बोलायचं आहे. विषय असा की समोरच्या माणसाबद्दल आपला मेंदू मत कसं बनवतो. इंग्रजीत त्याला सोशल जजमेंट म्हणतात. 'सामाजिक निर्णय' म्हटलं तर लोकांना ग्रामसभेचा ठराव वाटेल. 'पूर्वग्रह' मला चालत नाही. त्यात मनात आधीपासून काहीतरी असावं लागतं, आणि ते बहुतेक वाईटच असतं. मला शब्द हवाय तो अनोळखी चेहरा दिसल्याबरोबर मनात जे उमटतं त्यासाठी.

किती लवकर उमटतं ते सांगतो. जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ साली एक अभ्यास छापला. लोकांना अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवले, काही तर फक्त १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. मग विचारलं, हा विश्वासू वाटतो का, कर्तबगार वाटतो का, भांडखोर वाटतो का. निवांत पाहणाऱ्यांनी जी मतं दिली होती, त्यांच्याशी ही क्षणभरातली मतं बऱ्यापैकी जुळली.

तर एवढ्याशा वेळात जे होतं त्याला मराठीत काय म्हणावं?

धुळ्याची मास्तरीण
'ग्रह'. शब्द तयार आहे, वापरात आहे. "माझ्याबद्दल त्यांचा काय ग्रह झाला कोण जाणे", "उगीच ग्रह करून घेऊ नका". आणि क्रियापद पाहा, ग्रह 'होतो'. मी ठरवून काही केलेलं नसतं. 'करून घेणे' लावलं की लगेच त्यात दोष येतो, बोलणारा समोरच्याला टोकत असतो. 'गैरग्रह' असा वेगळा शब्द आहे, म्हणजे नुसता 'ग्रह' वाईटच असतो असं नाही. तुम्हाला हवा तो तटस्थपणा त्यात आहे, सर.

बोदवडचा जिनवाला
ताई, आमच्याकडे 'ग्रह' शनी-मंगळाचेच. माणसाच्या बाबतीत सगळे 'पारख' म्हणतात. "माले मानसनी पारख शे", हे वाक्य रोज ऐकतो, आणि म्हणणाऱ्याने बहुधा त्याच आठवड्यात कोणाकडून तरी फसवून घेतलेलं असतं.

पारख जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करतात त्या गिरणीत पाहा. गाडी आली की जाणता माणूस वरचा कापूस हातात घेतच नाही. वरचा पांढराशुभ्र असणारच, गाडी भरणारा काही दूधखुळा नाही. तो कोपरापर्यंत हात खुपसतो, खालून मूठभर ओढतो, कवडी, म्हणजे खराब डागाळलेला कापूस, किती ते बघतो. रुई दोन्ही हातांच्या चिमटीत ताणून धागा किती लांब निघतो ते बघतो. सरकी दाताखाली फोडून ओल जोखतो. तीन-चार ठिकाणी असं केल्याशिवाय भाव बोलत नाही. आणि हाच माणूस गाडीवाल्याचं तोंड पाहून कानात सांगतो, "हाऊ पानी मारीसन आनस", म्हणजे हा पाणी मारून आणतो. कापसासाठी कोपरापर्यंत हात, माणसासाठी एक नजर. दोन्हीला शब्द मात्र एकच, पारख.

शब्दवेडा
जिनवाले भाऊंनी नेमकी जागा दाखवली. 'पारख' आलं 'परीक्षा'वरून, आणि परीक्षा म्हणजे परि + ईक्ष्, चहूबाजूंनी पाहणं. हात खुपसणं, ताणून बघणं, फोडून बघणं ही अक्षरशः परीक्षा. 'ग्रह' आला 'ग्रह्' धातूवरून, अर्थ पकडणं. ग्रहण, ग्राहक, आग्रह, अनुग्रह सगळी त्याचीच पोरं. आकाशातले ग्रहही माणसाला धरतात म्हणून ग्रह. तेव्हा गाडीवाल्याचं तोंड पाहून झाला तो ग्रह, त्याला पारख म्हणणं ही पदोन्नती झाली.

एक तिरका मुद्दा. आपणच 'शितावरून भाताची परीक्षा' असंही म्हणतो. तिथे एका शितावर भागतं, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात.

चोपडेकर
शब्दवेडा, हा फरक मेंदूतही दिसतो, म्हणून मला तो फार कामाचा आहे. राल्फ अडॉल्फ्स, डॅनियल ट्रॅनेल आणि अँटोनियो दमासिओ यांनी १९९८ साली तीन रुग्णांचा अभ्यास केला. तिघांच्याही मेंदूच्या दोन्ही बाजूंचा अमिग्डाला पूर्ण निकामी झालेला. हा बदामाएवढा भाग कानशिलाच्या आतल्या बाजूला खोल असतो, भीती-धोक्याशी त्याचा जवळचा संबंध. त्यांना अनोळखी चेहरे दाखवले, तर इतरांना जे चेहरे सगळ्यात बेभरवशाचे वाटत होते तेही यांना जवळ जाण्याजोगे, विश्वासाचे वाटले. पण माणसाचं वर्णन शब्दांत सांगितलं की यांचा अंदाज इतरांसारखाच. म्हणजे चेहरा पाहून होणारा ग्रह बिघडला होता, ऐकून-समजून मत करण्याची वाट शाबूत होती.

आणि विलिस-टोडोरोव्ह यांच्या प्रयोगातली एक गोष्ट वर राहून गेली. फोटो पाहायचा वेळ अर्ध्या सेकंदावरून एक सेकंद केला, तर मत तेच राहिलं. वाढली ती फक्त खात्री.

बोदवडचा जिनवाला
हे मात्र पटलं भो. जास्त वेळ पाहिलं म्हणजे पारख झाली असं नाही, पाहणारा वरवरचाच कापूस पाहत बसला तर.

धुळ्याची मास्तरीण
पण सर, सगळ्यांचा ग्रह एकसारखा होतो, तर त्यात काही तथ्य असेलच की?

चोपडेकर
ताई, एकसारखा आणि खरा यांत फरक आहे. टोडोरोव्ह यांचाच २००५ सालचा अभ्यास आहे. अमेरिकेच्या सिनेटच्या उमेदवारांचे नुसते फोटो दाखवून 'यातला कर्तबगार कोण वाटतो' विचारलं. ज्यांना उमेदवार ओळखीचे नव्हते त्यांचीच उत्तरं धरली. ज्याला जास्त लोकांनी कर्तबगार म्हटलं, तो साधारण ७० टक्के लढतींत जिंकला होता. यावरून कळतं ते एवढंच की मतदारांचाही तोच ग्रह झाला होता. निवडून आलेला कामाचा निघाला की नाही, हे त्यात कोणी मोजलंच नाही. आपल्याकडे बॅनरवर गॉगल का असतो, हा वेगळा विषय.

नंदुरबारी
उशिरा आलो. दोन गोष्टी.

'अढी' कशी विसरलात? "त्याच्याबद्दल मनात अढी बसली". ग्रहाच्या पुढची पायरी. ग्रह क्षणात होतो आणि पुसलाही जातो, अढी 'बसते' नाहीतर आपण ती 'धरतो', आणि मग 'काढावी' लागते. क्रियापदांतच वेळ किती लागतो ते आलं. आंब्याची अढी घालतात तीही आठवली, पण ह्या दोन शब्दांचं नातं मी लावत नाही, शब्दवेडा लावतील.

दुसरी गोष्ट भाषांतराची. सर, तुमच्या व्याख्यानात सॉलोमन अ‍ॅशचा १९४६ सालचा प्रयोग येईलच. एका माणसाचे सात गुण वाचून दाखवले: हुशार, कुशल, कष्टाळू, निश्चयी, व्यवहारी, सावध, आणि मधला एक शब्द एका गटाला 'वॉर्म', दुसऱ्याला 'कोल्ड'. बाकी सहा तेच, पण पहिल्या गटाला माणूस उदार, आनंदी वाटला, दुसऱ्याला तसा वाटला नाही. त्या जागी 'सभ्य' आणि 'फटकळ' असा बदल केला, तर तेवढा फरक पडला नाही. आता ह्याला कृपा करून 'उबदार' म्हणू नका. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसला टेकतो, तिथे कोणाला ऊब हवी? 'थंड'ही चालणार नाही. आपल्याकडे 'थंड माणूस' म्हणजे ज्याच्याकडून काम उरकत नाही तो. आपली भाषा इथे तापमान धरत नाही, पाणी धरते. माणूस 'कोरडा' असतो, बोलण्यात 'ओलावा' असतो. 'मायाळू' आणि 'कोरडा' घ्या.

शब्दवेडा
कोरडा! झकास. अढीचं मीही लावत नाही.

धुळ्याची मास्तरीण
अजून एक शब्दप्रयोग नोंदवून ठेवा. सोयरीक पाहायला जातात तेव्हा ऐकलेला. शेती बरी, मुलगा शिकलेला, घरचे बोलायला चांगले, कुठे नाव ठेवायला जागा नाही, आणि परत येताना गाडीत मुलीची आई म्हणते, "सगळं खरं, पण माझं मन घेत नाही." कारण विचारलं तर सांगता येत नाही.

शब्दवेडा
ताई, 'घेणे' हे क्रियापदही त्याच 'ग्रह्' धातूचं. संस्कृत गृह्णाति, प्राकृत गेण्हइ, मराठी घेणे.

चोपडेकर
मग व्याख्यानाला नाव देतो, 'मन घेत नाही'. नुसतं 'ग्रह' लिहिलं असतं तर पुढच्या दोन रांगा पत्रिका घेऊन बसल्या असत्या.

बोदवडचा जिनवाला
गर्दी तर झाली असती, सर.