बोस्टनची फ्रीडम ट्रेल ज्येष्ठांसह एका दिवसात होईल का? मदत हवी आहे

नमस्कार. पुढील महिन्यात आई-वडिलांसह बोस्टनला जाणार असून तेथील फ्रीडम ट्रेल पायी पाहण्याचा आमचा विचार आहे. बोस्टन कॉमन या १६३४ पासूनच्या सार्वजनिक उद्यानापासून चार्ल्सटाउनमधील बंकर हिल स्मारकापर्यंत जाणारी, सुमारे ४ किलोमीटर लांबीची ही वाट १६ ऐतिहासिक स्थळे जोडते आणि जमिनीवरील लाल रेघ धरून चालायचे असल्याने रस्ता चुकण्याची चिंता नाही. चिंता आहे ती वडिलांच्या गुडघ्यांची. अंतर त्यांना झेपेल; परंतु प्रत्येक ठिकाणी उभे राहून पाहणे त्यांना जड जाईल, असे मला वाटते. स्मारकाच्या २९४ पायऱ्या मात्र मी एकटाच चढेन, कारण तेथे लिफ्ट नाही.

अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातील देशभक्त पॉल रिव्हियर यांचे घर व १७२३ मध्ये उभारलेले ओल्ड नॉर्थ चर्च निवांत पाहायचे असल्यास ही दोन्ही ठिकाणे असलेल्या नॉर्थ एंड या भागापाशी पहिला दिवस संपवून, पुलापलीकडचे चार्ल्सटाउन आणि १७९७ मध्ये जलावतरण झालेली कॉन्स्टिट्यूशन ही युद्धनौका दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावी का? की उलट दिशेने, बंकर हिलपासून आरंभ करणे सोयीचे पडते? वाटेत बसण्याची सोय कोठे आहे, हेही ज्यांनी ही वाट चालून पाहिली आहे त्यांनी कृपया सांगावे.